एकच धड क्रियापद

म्हात्रे सरांच्या घरात शिरायचं असेल तर उंबरठ्याबाहेर उभं राहून ‘गो’ या इंग्रजी क्रियापदाची पाचही रूपं म्हणावी लागत. गो, गोज, वेंट, गॉन, गोइंग. याच क्रमाने आणि न अडखळता. एक चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. सिलिंडरवाला सलीम खांद्यावर भरलेलं सिलिंडर घेऊन ‘वेंट’पाशी अडकलेला मी या डोळ्यांनी पाहिला आहे. घामाने निथळत तो म्हणत होता, "सर, आधी हे उतरवू तरी द्या, मग पुढचं आठवेल." आणि सर दारात हाताची घडी घालून शांतपणे सांगत होते, "पुढचं आठवलं की उतरवशीलच."

सर आमचे पेणमधले शेजारी. दोन घरांच्या मध्ये एक कुंपण आणि एक शेवग्याचं झाड. झाड त्यांचं, शेंगा आमच्या बाजूला, त्यामुळे संबंध गोडीचे. मूळचे ते जवळच्या गडब गावचे, भातशेतीतल्या घरात वाढलेले. पेणच्या एका शाळेत उभा जन्म इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. शाळेत त्यांना ‘गो-सर’ म्हणत. हे नाव त्यांना माहीत होतं आणि मनातून आवडतही असावं, कारण त्यावरून त्यांनी कोणाला मारल्याचं ऐकिवात नाही.

त्यांचं तत्त्वज्ञान एका म्हणीत मावायचं. "एक ना धड, भाराभर चिंध्या!" हे ते दिवसातून दहा वेळा म्हणत. "तुम्हा लोकांना इंग्रजीचे हजार शब्द येतात आणि एकही नीट येत नाही. मी म्हणतो, एकच क्रियापद घ्या, पण धड घ्या. पुढची गाय नीट चालली की मागच्या येतात." मागच्या गायी कधी आल्या हे मात्र कोणी पाहिलं नाही. आमच्या अख्ख्या वर्गाचं इंग्रजी एकाच गायीवर चाललं.

बाजारवाल्यांचीही सुटका नसे. मासळीवाली हिराबाई एकदा पाटी घेऊन दाराशी आली. सरांनी तिलाही पाच रूपं विचारली. ती एक हात कमरेवर ठेवून, दुसऱ्याने पाटीतली मासळी दाखवत म्हणाली, "मास्तर, आमचे आयनी पालन्यातच शिकवलाय गो. काय गो, कुठं गो, ये गो! आता दारातून सरका, मावरा नरम परतंय." सर एवढे हसले की तिला परीक्षा माफ झाली. सूट मिळवणारी ती एकटीच.

मी काही हिराबाई नव्हतो. मला सूट मिळाली नाही आणि आज मी देवाचे आभार मानतो की मिळाली नाही. बारावीला इंग्रजीत जेमतेम काठावर पास झालेला मुलगा मी. पुढे रोह्याच्या एका कंपनीतून मुलाखतीचं बोलावणं आलं, तेव्हा मी थेट सरांकडे गेलो. सरांनी मला आठ दिवस ओट्यावर बसवलं. मला वाटलं, निदान आता तरी दुसरं काही शिकवतील. नाही. आठही दिवस गो.

मुलाखत घेणारे साहेब टाय लावून बसले होते. त्यांनी शिक्षण विचारलं. मी म्हणालो, आय वेंट टू स्कूल इन पेण. अनुभव विचारला. मी म्हणालो, आय हॅव गॉन टू मेनी कंपनीज. कंपनीला तुमचा उपयोग काय, असं विचारल्यावर मी म्हणालो, आय गो अर्ली, आय गो डेली. साहेबांना शंका आली. ते म्हणाले, "तुम्हाला दुसरं क्रियापद येत नाही का?" मी खरं ते सांगितलं, "नाही सर, पण हे कधी चुकणार नाही." साहेब टाय सैल करून हसले. त्यांनी मला स्टोअरमध्ये घेतलं. त्या नोकरीवर माझं घर उभं आहे, माझ्या दोन्ही मुलींची शिक्षणं चालू आहेत. लोक कुलदैवताचा फोटो पाकिटात ठेवतात. मी सरांच्या हातचा, पाच रूपं लिहिलेला कागद ठेवला आहे.

तो सलीमसुद्धा पुढे मस्कतला लागला. सुट्टीवर आला की खजुराचा डबा घेऊन पहिला सरांच्या दाराशी येतो आणि कोणी विचारायच्या आधी पाचही रूपं म्हणून टाकतो. खांद्यावर सिलिंडर नसल्यामुळे आता अडखळत नाही.

आत शिरताना ही तऱ्हा, तर बाहेर पडताना दुसरी. निघताना आपल्याकडे कोणी ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतात. ही रीत सगळेच पाळतात, पण सरांइतकी कडक कोणी पाळत नसेल. एकदा कुरियरवाला पाकीट देऊन तसाच निघाला, तर सर अनवाणी कोपऱ्यापर्यंत धावले. "अहो, येतो म्हणायचं राहिलं!" तो गोंधळून म्हणाला, "पण काका, तुमचं दुसरं पार्सल नाही." सर म्हणाले, "नसू दे. म्हणा." त्याने भर रस्त्यात ‘येतो’ म्हटलं, तेव्हा कुठे सर परत फिरले.

आम्ही यावर खूप हसायचो. मीही हसायचो, आणि मला तर हसायचा काही अधिकार नव्हता. कारण दारातल्या या दोन्ही तऱ्हा कधी सुरू झाल्या ते मला पक्कं माहीत होतं. त्या आठ वर्षांपूर्वी, वैजू गेली त्या दिवसानंतर सुरू झाल्या.

वैजू सरांची एकुलती एक मुलगी. तिची आई, आमच्या काकू, लवकर वारल्या. बापलेकीनेच ते घर चालवलं. वैजू हुशार आणि बोलण्यात बापाला भारी. ती रोह्याला नोकरीला लागली आणि तिथल्या बाळारामशेठ शेडग्यांच्या मुलाशी तिचं जमलं. शेठची पोह्यांची गिरणी. माणूस साधा, हाताने कामं करत वर आलेला, सातवीपर्यंत शिकलेला. सरांना मुलगा पसंत पडला, शेठना मुलगी पसंत पडली. पेणला हॉल घेऊन साखरपुडा ठरला.

आणि शेठच्या मनात आलं की व्याही इंग्रजीचे मास्तर आहेत, तर त्यांचा मान राखायला आपण दोन वाक्यं इंग्रजीत बोलावीत. बिचाऱ्यांनी कोणाकडून तरी लिहून घेतलं, आठ दिवस पाठ केलं. सगळी पाहुणेमंडळी बसलेली, शेठ फेटा सावरत उभे राहिले आणि माइक हातात घेऊन म्हणाले, "टुडे माय सन हॅज वेंट टू युवर हाउस."

पहिल्या रांगेतून सरांचा आवाज आला, "गॉन!"

शेठ थांबले. त्यांना वाटलं काहीतरी पडलं. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, "टुडे माय सन हॅज वेंट..."

"गॉन! हॅजनंतर गॉन!"

मागच्या रांगांत हशा पिकला. मीही हसलो, कबूल करतो. शेठनी कागदाची घडी केली, खिशात घातली आणि माइक ठेवून म्हणाले, "मास्तर, तुमचा मान ठेवाया उभा ऱ्हायलो होतो. तुमचं गो तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या." त्या क्षणी सर उठून, हात जोडून, चुकलो म्हणाले असते तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण सर म्हणाले, "चूक ती चूक. व्याह्यांची असली म्हणून बरोबर होत नाही."

झालं. शेठनी लग्न मोडलं नाही, तेवढे ते मोठे. पण सर्वांदेखत सांगितलं, "पोरगी आमची. तिला फुलासारखी ठेवू. पन ह्या माणसाचा पाय माझ्या उंबऱ्याला लागाया नको." वैजूने घरी येऊन बापाच्या हातापाया पडून सांगितलं, "बाबा, एकदा सॉरी म्हणा." सरांनी मान फिरवली. लग्न रोह्यालाच झालं. कन्यादान वैजूच्या चुलत्यांनी केलं.

लग्नासाठी ती घरातून निघाली त्या सकाळी तिची बॅग रिक्षात मी ठेवली, म्हणून मला ठाऊक आहे. ती उंबरठ्यावर उभी राहिली आणि म्हणाली, "जाते मी, बाबा."

सरांच्या तोंडून नकळत निघालं, "येते म्हण."

ती वळली. डोळे कोरडे होते. "तुम्हाला बरोबर बोललेलंच आवडतं ना? मग हेच बरोबर आहे. जाते."

रिक्षा वळणावर दिसेनाशी झाली तरी सर दारातच उभे होते. त्यानंतर ते दार सोडायलाच तयार होईनात. गॅसवाला असो, वीजबिलवाला असो, कोणीतरी समोर दोन मिनिटं उभं राहावं, काहीतरी बोलावं, आणि जाताना परत येईन म्हणून सांगावं, एवढ्यासाठी तो सगळा खटाटोप होता. आम्ही त्याला विक्षिप्तपणा म्हणत होतो.

मी रोज पेणहून रोह्याला कामाला जातो. तासाभराचा प्रवास. लग्नानंतर महिना झाला असेल, सर कुंपणापाशी आले. हातात पापडांची पुडी. म्हणाले, "रोह्याला कोणी ओळखीचं असेल तर दे." मी म्हटलं, "कोण?" ते शेवग्याकडे बघत म्हणाले, "असेल की कोणीतरी. पापड आवडणारं." मी पुडी नेऊन वैजूला दिली. तिने नुसता वास घेतला. दुसऱ्या दिवशी स्टेशनवर मला गाठून पोह्यांची पिशवी हातात दिली. "दीपकदादा, पेणला कोणाला हवे असतील तर द्या."

अशी आठ वर्षं गेली. इकडून पापड, तिकडून पोहे. दोघांनी एकमेकांचं नाव काढलं नाही. माझ्या डब्याच्या पिशवीला पापडखाराचा कायमचा वास लागला.

पुडी बांधायला सर जुन्या उत्तरपत्रिका वापरायचे. शाळेतून निवृत्त होताना त्यांनी या उत्तरपत्रिकांची एक पेटी भरून आणली होती. वैजूची मुलगी स्वरा शाळेत जायला लागल्याचं मी एकदा सहज बोललो. पुढच्या पुडीच्या कोऱ्या बाजूवर लाल शाईत, मुलांना वाचता येईल अशा सुबक अक्षरांत पाच रूपं लिहिलेली होती. त्याच्या पुढच्या पुडीवर वाक्य होतं, ‘स्वरा गोज टू स्कूल.’ मी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "उदाहरण म्हणून कुठलंही नाव घालावं लागतं." मी म्हटलं, हो सर.

मग एका संध्याकाळी कंपनीच्या दाराशी गिरणीचा टेम्पो उभा. आत स्वतः बाळारामशेठ. मला म्हणाले, "दीपकराव, बसा." मी घाबरतच बसलो. वाटलं, पापड पकडले गेले.

पकडलेच गेले होते. शेठ म्हणाले, "काल पोर जेवताना काय तरी म्हनत होती. गो, गोज, वेंट, गॉन. माझे कान उभे ऱ्हायले. इचारलं, कोणी शिकवलं गो तुला? तर म्हनते, पापडानं!" त्यांनी खिशातून कागदांची चळत काढली. इस्त्री केल्यासारखे सपाट केलेले, तेलाचे डाग पडलेले कागद. पोरीने एकूण एक जपून ठेवले होते. सगळ्यात वरच्या कागदावर लिहिलं होतं, ‘हर ग्रँडफादर हॅज गॉन नोव्हेअर. ही इज इन पेण.’

"याचा अर्थ नातीनंच सांगितला मला," शेठ म्हणाले. "तिचा आजोबा कुठं गेला नाय, पेणलाच हाय. घास उतरला नाय हो पुढं." त्यांनी स्टिअरिंगवर बोटं वाजवली. "रविवारी घेऊन या त्यास्नी. आन हे बघा, मी बोलावलं असं सांगू नका. पोरीनं बोलावलं सांगा."

सरांना मी तसंच सांगितलं. ते सरळ आत गेले आणि बराच वेळ इस्त्रीचा वास येत राहिला.

रविवारी सकाळी आम्ही रोह्याच्या मेमू गाडीत बसलो. सरांच्या अंगात पांढरा शर्ट, मांडीवर पापडांची पुडी आणि खिशाला लाल पेन. मी म्हटलं, "सर, तेवढं पेन माझ्याकडे द्या."

"का?"

"शेठ इंग्रजीत बोलले तर?"

सरांनी पेन खिशात आणखी खाली खोचलं. नागोठणं आलं, गेलं. मग हळूच म्हणाले, "चूक ऐकली की माझ्या हातात काही राहत नाही रे. शिंक येते तसं होतं." असला कबुलीजबाब मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकत होतो. रोह्याच्या आधीचं निडी स्टेशन आलं तसे ते पुडी घेऊन उभेच राहिले. "इथंच उतरू. परतीची गाडी मिळेल. पुन्हा काहीतरी बोलून बसेन मी, आणि पोरीला कायमची मुकेन." मी त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. त्यांचा हात मी जन्मात पहिल्यांदा धरला.

रोह्याला शेठचं घर गिरणीच्या मागे. आम्ही फाटकातून आत शिरलो तर शेठ उंबऱ्यावर उभे. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी. त्यांच्या मागे वैजू, पदराचं टोक मुठीत घट्ट धरलेलं. पुढे दोन वेण्या घातलेली स्वरा. सर पायरीखालीच थांबले. ज्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही, तो दोन हातांवर होता.

शेठनी घसा साफ केला. त्यांच्या हातात कागदाची घडी होती. त्यांनी ती उघडली, बंद केली, आणि सरांकडे बघून न वाचताच म्हणाले, "सर, एट इयर्स हॅज वेंट."

गिरणी रविवारची बंद होती. कुठे काही आवाज नव्हता. मी सरांकडे पाहिलं. त्यांचा हात खिशाच्या पेनाकडे गेला, ओठ उघडले. वैजूने डोळे मिटून घेतले. आणि सर बोलायच्या आत स्वराच खणखणीत आवाजात म्हणाली, "आजोबा, चुकलं! गॉन!"

शेठचा चेहरा पडला. अगदी तसाच, माइक ठेवताना पडला होता तसा.

सर पायरी चढले. नातीसमोर गुडघ्यावर बसले. तिला ते प्रथमच एवढ्या जवळून पाहत होते. तिच्या ओठांवर बोट ठेवून म्हणाले, "नाही बाळा. आजोबा बरोबर बोलले. एट इयर्स हॅज वेंट." मग मान वर करून शेठना म्हणाले, "माझ्यामुळे गेली, शेठ. तेव्हा मी चुकलो."

शेठनी त्यांना दंडाला धरून उठवलं. "आत या आधी. दारात काय सोहळे करायचे?" सरांना धरून आत नेताना स्वतः शेठचाच पाय उंबऱ्याला अडखळला. वैजू आत गेली आणि स्वयंपाकघरातून पापड तळल्याचा वास आला, त्याबरोबर नाक ओढल्याचा आवाजही.

दिवसभर ती बापाला वाढत होती, पण बोलत नव्हती. शेठ आणि सर मात्र भातापासून पोह्यापर्यंत सगळं बोलले. स्वरा सरांच्या मांडीवरून हलली नाही. संध्याकाळच्या गाडीची वेळ झाली. सर उठले, चपला घातल्या, आणि दारात नुसतेच उभे राहिले. आठ वर्षं अख्ख्या पेणकडून जो शब्द वदवून घेतला, तो त्यांना सुचेना. आपल्याला तो म्हणायचा हक्क आहे का, असं वाटलं असणार.

वैजू पुढे आली. त्यांच्या शर्टाची चुरगळलेली कॉलर तिने सरळ केली.

"येतो म्हणा, बाबा," ती म्हणाली.

"येतो," सर म्हणाले. पायरी उतरल्यावर पुन्हा वळून म्हणाले, "येतो हं." फाटकापाशी तिसऱ्यांदा म्हणाले. शेठ ओरडले, "अवो, कळलं! पुढच्या रविवारी या!"

आम्ही परतीच्या गाडीत बसलो. सरांच्या हातात पोह्यांची पिशवी होती, या वेळी माझ्या हातून न आलेली. निडी मागे पडलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "स्वराला पुढच्या रविवारी खरं काय ते सांगावं लागेल. हळूच. शेठ गिरणीत गेले की."

"हो सर."

"एका वाक्यात दोन चुका होत्या, दीपक."

"हो सर."

सरांनी चष्मा लावला आणि पिशवी छातीशी धरली. "पण इतकं सुंदर इंग्रजी मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं रे."